जुनी जिप्सी सारखी बंद पडतेय? कार्बोरेटरला हात लावायच्या आधी हे क्रमाने बघा

कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) मारुती जिप्सी ज्यांनी नुकतीच घेतलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे 1985 च्या शेवटी आलेली 970 सीसीची 410 आणि 1996 पासूनची 1298 सीसीची किंग, 2000 साली एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत) येईपर्यंतच्या गाड्या. गाडी आर्मीच्या लिलावातून आलेली असो, ताडोबाच्या सफारीत फिरून दमलेली असो नाहीतर कोणाच्या तरी शेतावर शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली असो, बंद पडायची कारणं फिरून फिरून तीच निघतात आणि त्यातली बरीचशी दोन पाने (स्पॅनर), एक टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतोय का दाखवणारा छोटा दिवा) आणि एक मोकळी सकाळ एवढ्यात घरच्या घरी सापडतात.

नवीन माणूस काय करतो, गाडी दोनदा बंद पडली की बॉनेट उघडतो आणि कार्बोरेटरवर जो स्क्रू दिसेल तो फिरवतो. किंवा गॅरेजवाला सांगतो कारब्रेटर गेला, नवीन टाका, आणि नवीन टाकूनही गाडी तशीच बंद पडते. कृपा करून हे करू नका. एकदा स्क्रू आपल्या जागेवरून हलले की मूळ बिघाड आणि आपण केलेला बिघाड असे दोन एकत्र होतात आणि मग चांगल्या मिस्त्रीलाही वेळ लागतो. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. आधी गाडी बंद कशी पडते ते बघायचं.

पायरी 1: गाडी बंद पडली कशी?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि यावरच अर्धं काम होतं. गाडी आचके देत, पिकअप सोडत, धडपडत बंद पडली का? मग बहुतेक पेट्रोल कमी पडतंय किंवा जास्त होतंय. की चालता चालता कोणीतरी चावी फिरवावी तशी एकदम गप्प झाली? मग करंट, म्हणजे वायर, कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी जोरदार करंट बनवणारी), इग्निशन स्विच, बॅटरीचं टर्मिनल यातलं काहीतरी.

मग दुसरा प्रश्न, कधी? एक वही गाडीत ठेवा आणि प्रत्येक वेळी लिहा: इंजिन थंड होतं की गरम, किती वेळ चालली होती, चढ होता का, ब्रेक दाबला होता का, खड्डा होता का, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती होतं. चार-पाच नोंदी झाल्या की साधारण चित्र दिसायला लागतं. थंडीत सुरू होऊन लगेच बंद पडते पण गरम झाल्यावर छान चालते तर चोक (थंड इंजिनसाठी हवा कमी करणारी झडप) बघा. वीस-पंचवीस मिनिटं मस्त चालून मग मरते आणि थोडं थांबलं की परत सुरू होते तर टाकीचं झाकण, व्हेपर लॉक (पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होणं) किंवा कॉइल. रेस देऊन चालते पण पाय काढला की बंद, तर स्लोचं (रेस न देता इंजिन चालू ठेवणारं) सर्किट किंवा कुठेतरी हवा ओढली जातेय. खड्ड्यात आदळली की बंद, तर लूज वायर. ही यादी पुढे लागणारच आहे.

पायरी 2: बंद पडलेल्या जागीच पेट्रोल की करंट ते ठरवा

गाडी घरी आणून तपासली तर ती शहाण्यासारखी चालते, हा सगळ्यांचा अनुभव आहे. म्हणून तपासणी रस्त्यावर, ती बंद असतानाच करायची. गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक, चाकाला दगड, विझवायचा सिलिंडर जवळ, सिगरेट नाही.

आधी पेट्रोल. किंगच्या आणि 410 च्या मूळ कार्बोरेटरवर समोर एक छोटी गोल काचेची खिडकी असते, बोटाच्या नखाएवढी, धुळीने भरलेली म्हणून बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नसतं. फडक्याने पुसा आणि टॉर्च मारा. आत पेट्रोलची पातळी दिसते आणि ती काचेवरच्या मधल्या खुणेच्या आसपास पाहिजे. खिडकी रिकामी दिसली तर पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाहीये, पायरी 3 ला जा. खिडकी पूर्ण भरलेली आणि पेट्रोलचा वास येतोय तर ओव्हरफ्लो, पायरी 4. पातळी बरोबर असेल तर करंट बघा.

करंट बघायला एक जास्तीचा चांगला प्लग कायम गाडीत ठेवा. प्लगची एक वायर काढून त्याला तो प्लग लावा, प्लगची धातूची बॉडी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकवून जंप केबलच्या चिमट्याने पकडा (हाताने धरायचा नाही, करंट जोरात बसतो), कार्बोरेटरपासून लांब ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, कडक, टकटक आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळट मरतुकडी आली किंवा आलीच नाही तर पायरी 6.

एवढं करायला दहा मिनिटं लागतात आणि याच दहा मिनिटांत कळतं की पुढचा पैसा कुठे घालायचा.

पायरी 3: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

जुन्या जिप्सीत सगळ्यात जास्त भानगडी इथे असतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

टाकीचं झाकण. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत हवा आत जायला हवी, नाहीतर आत व्हॅक्यूम होतो आणि पंप बिचारा ओढून ओढून थकतो. झाकणातला व्हॉल्व्ह किंवा टाकीचा ब्रीदर पाइप चिखलाने बंद झाला की गाडी अर्धा तास चालून आचके देत मरते. तपासायला सोपं: बंद पडली की लगेच झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा सुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली तर चोर सापडला. झाकण बदला, ब्रीदर पाइप काढून हवा मारा.

टाकीतला गंज. वर्षानुवर्षं अर्ध्या टाकीवर उभ्या असलेल्या गाड्यांत आतून गंज धरतो. फिल्टर काढून पांढऱ्या कापडावर उलटा करा, तांबूस पूड पडली तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावीच लागेल. नवीन फिल्टर दोन दिवसांत परत तुंबतो आणि लोकांना वाटतं पंप गेला. आतला गंज खूप असेल तर टाकी रेडिएटरवाल्याकडे किंवा टाकीचं काम करणाऱ्याकडेच द्या, पेट्रोलच्या टाकीजवळ स्वतः वेल्डिंग, ग्राइंडिंग काहीही करायचं नाही, टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते.

रबरी पाइप. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जिप्सीचा पंप इंजिनवर बसलेला मेकॅनिकल पंप आहे आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. त्यामुळे टाकी ते पंप या भागात पाइपला बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळतंच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली बघावं तर थेंब नाही, सगळं कोरडं, आणि गाडी मात्र बंद. म्हणून मागच्या चेसिसजवळचे, टाकीच्या तोंडाचे आणि पंपाजवळचे छोटे रबरी तुकडे वाकवून बघा, चिरा दिसल्या की सगळे एकदम बदला. आता पंपांवर ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतंय, या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या, जुनं रबर त्याने लवकर खराब होतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं म्हणून फार दिवस उभ्या गाडीत त्रास जास्त. पाइप घेताना दुकानदाराला इथेनॉल चालणारा फ्युएल होसच मागा, गॅसचा किंवा पाण्याचा पाइप नाही. क्लॅम्पही नवीन घ्या. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्हीकडे हे सगळं मिळतं.

पंपाची तपासणी. इंजिन थंड असताना कॉइलची चावीकडून येणारी वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून त्याचं तोंड बाटलीत घाला आणि सेल्फ मारा. थांबून थांबून पण जोरात पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक. नुसतं ठिबकत असेल तर आधी एक युक्ती: पंपाचा इनलेट पाइप स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये घालून परत बघा. कॅनमधून जोरात आलं तर पंप चांगला आहे, दोष मागे टाकीकडे आहे. कॅनमधूनही ठिबकलं तर पंपाचा डायफ्रॅम गेला.

आणि व्हेपर लॉक. एप्रिल-मे मध्ये ताम्हिणी नाहीतर वरंध घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना बॉनेटखाली एवढं तापतं की पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत सुरू होते. गरम एक्झॉस्टवर थंड पाणी ओतू नका, मॅनिफोल्डला तडा जातो. कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून लांब फिरवणं, आणि टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन कोणी बंद केली नाहीये ना हे बघणं. जुन्या गाड्यांत ही रिटर्न लाइन बोल्ट घालून बुजवलेली खूप वेळा दिसते, आणि त्याच गाड्या घाटात मरतात.

पायरी 4: आता कार्बोरेटर, पण स्क्रू अजून नाही

पाय काढला की बंद पडते, रेस दिली की चालते, या लक्षणाला सगळ्यात आधी फ्युएल कट सोलेनॉइड बघा. कार्बोरेटरला वायर जोडलेला अंगठ्याएवढा पितळी-स्टीलचा भाग असतो तो. चावी ऑन करा (सेल्फ नको), त्याची वायर काढा-लावा, प्रत्येक वेळी टक् आवाज यायला हवा. आवाज नाही आला तर वायरमध्ये टेस्ट लॅम्प लावून बारा व्होल्ट येतायत का बघा. बऱ्याच वेळा नुसती वायर निघालेली किंवा फ्यूज उडालेला असतो आणि लोक अख्खा कार्बोरेटर बदलतात, खरंच वाईट वाटतं बघून.

सोलेनॉइड ठीक असेल तर स्लो जेटमध्ये कचरा. कार्ब क्लीनर आणि कंप्रेसरची हवा, बास. जेटमध्ये तार किंवा सुई घालायची नाही, भोक मोठं झालं की जेट वाया.

ओव्हरफ्लो होत असेल, म्हणजे खिडकी काठोकाठ, काळा धूर, प्लग काळे ओले, तर नीडल व्हॉल्व्हमध्ये (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल बंद करणारी सुई) कण अडकलाय किंवा फ्लोटमध्ये (पातळीप्रमाणे ती सुई हलवणारा तरंगता तुकडा) पेट्रोल शिरलंय. फ्लोट काढून कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल हलल्याचा आवाज आला तर फ्लोट बदला. चोकही बघा, केबल सैल करूनही झडप अर्धी मिटलेली राहते का.

पायरी 5: चोरून हवा कुठून ओढतेय?

इंजिनला कार्बोरेटर सोडून दुसरीकडून हवा मिळाली की मिक्श्चर पातळ होतं आणि स्लोवर गाडी टिकत नाही. जागा ठरलेल्या: कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर आणि त्याचे गॅस्केट, मॅनिफोल्ड गॅस्केट, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत ओढणारा) पाइप, डिस्ट्रिब्युटरच्या (चारही प्लगना करंट वाटणारा भाग) व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा बारीक पाइप आणि ब्रेक बूस्टरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमने ब्रेक हलका करणारा भाग) जाड पाइप. इंजिन स्लोवर ठेवून एकेक पाइप पक्कडीने हलकेच दाबा. दाबल्यावर स्लो एकदम सुधारला तर त्या पाइपच्या पुढे लीक आहे. कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी थोडं थोडं मारलं तरी आवाज बदलतो. काही जण तिथे कार्ब क्लीनर मारतात, पण तो लगेच पेट घेतो आणि इंजिन गरम असतं, नवीन माणसाने ते टाळलेलंच बरं.

ब्रेक दाबला की बंद पडते ही तक्रार खूप येते, त्याची फोड अशी. गाडी उभी असताना स्लोवर ब्रेक दाबा. उभ्या गाडीतच आवाज पडला किंवा बंद झाली तर बूस्टरचा डायफ्रॅम किंवा पाइप लीक आहे, आणि हा ब्रेकचा विषय असल्याने तो दुरुस्त होईपर्यंत घाटात जाऊ नका. उभ्या गाडीत काही होत नाही, फक्त चालत्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावरच बंद पडते, तर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल पुढे उसळतंय, फ्लोट लेव्हल बघा.

पायरी 6: करंट

एकदम गप्प होणाऱ्या गाडीत आधी फुकटातले उपाय. बॅटरीचे टर्मिनल काढून घासून घट्ट करा, बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन अर्थिंगची पट्टी काढून सँडपेपर मारा. मग गाडी स्लोवर सुरू ठेवून एकेक वायर हलवत जा: कॉइलच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरचं सॉकेट, फ्यूज बॉक्स, शेवटी चावी. चावीचा जुडगा हलवल्यावर इंजिन दचकलं तर इग्निशन स्विचच्या आतले पॉइंट झिजलेत. ऑफरोड गाडी सतत थरथरते, त्यामुळे तिच्यात लूज कनेक्शन हाच पहिला संशयित असतो.

गरम झाल्यावर मरणारी आणि थंड झाल्यावर उठणारी गाडी असेल तर व्हेपर लॉक आणि कॉइल यांची लक्षणं अगदी सारखी दिसतात, म्हणूनच पायरी 2 तिथल्या तिथे करायची. गरम असताना खिडकीत पेट्रोल आहे आणि ठिणगी नाही, तर कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर. ज्यांच्या 410 मध्ये पॉइंट-कंडेन्सर (इग्नायटरऐवजी ठिणगी पाडणारी जुनी पद्धत) आहेत त्यांनी पॉइंटचा गॅप 0.4 ते 0.5 मिमी ठेवा आणि पॉइंट काळे जळलेले दिसले तर कंडेन्सरही सोबत बदला. प्लगचा गॅप 0.7 ते 0.8 मिमी. फीलर गेज स्वस्त असतं, अंदाजाने करू नका.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आत बघा, चारही टोकांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथून करंट पळतोय, कॅप बदला. नुसता ओलावा असेल तर पुसून कोरडी करा. कॅप काढण्याआधी वायरींचे फोटो काढा, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 आहे, वायरी उलटसुलट झाल्या तर नवीनच डोकेदुखी.

चढावर आणि पाण्यात

पातळी बरोबर, करंट बरोबर, रस्त्यावर काही त्रास नाही, फक्त उभ्या चढावर किंवा खूप कलल्यावरच बंद पडते, तर तो या कार्बोरेटरचा स्वभाव आहे. चेंबरमधलं पेट्रोल एका बाजूला जातं, मग जेट उघडा पडतो नाहीतर पेट्रोल ओसंडतं. फ्लोट लेव्हल खुणेवर अचूक आणा, नीडल नवीन टाका, बराच फरक पडतो. ओसंडून बंद पडली असेल तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, सारखं पंपिंग करू नका.

चढावर बंद पडली तर क्लच दाबून न्यूट्रलला मागे सोडायची नाही हे पक्कं लक्षात ठेवा, कारण इंजिन बंद झालं की एक-दोन वेळा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेक दाबून धरा, फोर-लो (चारही चाकांची कमी वेगाची, जास्त ताकदीची रेंज) मध्ये रिव्हर्स टाका, क्लच सोडा, गाडी गिअरवर थांबते. मग स्टिअरिंग सरळ ठेवून क्लच न दाबता तशीच चावी मारा, गाडी गिअरमध्येच सुरू होऊन हळूहळू खाली येते. हे आधी छोट्या चढावर शिकून घ्या.

पाण्यातून जाताना बंद पडली तर लगेच सेल्फ मारू नका. एअर फिल्टर उघडा. आत पाणी असेल तर चारही प्लग काढून मगच इंजिन फिरवायचं, नाहीतर सिलिंडरमधल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग सगळं इंजिनच खाली उतरवावं लागतं.

पायरी 7: आता स्लो सेट करा

टॅपेट, प्लग, एअर फिल्टर, टायमिंग सगळं झाल्यावर, इंजिन पूर्ण गरम, चोक मोकळा, लाइट-पंखे बंद. मिक्श्चर स्क्रू आत्ता किती फेरे उघडा आहे ते मोजून लिहून ठेवा: अलगद आत फिरवत टेकेपर्यंत फेरे मोजा आणि परत तेवढाच बाहेर. जोरात आवळला तर टोक खराब होतं. इंजिन चालू करून स्लो 800 ते 900 आरपीएमला आणा, मग मिक्श्चर अर्धा-अर्धा फेरा करत जिथे आवाज सगळ्यात एकसारखा आणि आरपीएम सगळ्यात जास्त मिळतो तिथे थांबा, आणि थ्रॉटलच्या स्क्रूने आरपीएम परत खाली आणा. पीयूसीवाला ओळखीचा असेल तर त्याच्या मशीनवर सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) बघत सेट करा, कानापेक्षा ते कितीतरी अचूक.

मिक्श्चर स्क्रू फिरवून इंजिनला काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट बंद आहे किंवा हवा ओढतेय, मागे जा. आणि सगळं करूनही एका सिलिंडरचं मिसिंग जात नसेल तर कॉम्प्रेशन चेक करून घ्या, व्हॉल्व्ह गळत असेल तर बाहेरून कितीही सेटिंग करा, फरक पडणार नाही.

एमपीएफआयवाल्यांसाठी थोडक्यात: चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद घूं असा पंपाचा आवाज येतो का ते बघा, नसेल तर फ्यूज आणि रिले. आवाज येतो पण स्लोवर बंद पडते तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह साफ करा. चेक इंजिनचा दिवा पेटला असेल तर अंदाजाने सेन्सर बदलत बसू नका, कोड वाचून घ्या.

काम झालं की लगेच लांबच्या ट्रेलला निघू नका. घराजवळच तासभर फिरवा, मुद्दाम गरम करा, चढावर उभी करून स्लोवर ठेवा, जोरात ब्रेक मारून बघा, वहीत जे जे लिहिलंय ते सगळं एकदा करून बघा. आणि सीटखालच्या डब्यात एवढं ठेवा: एक फिल्टर, एक मीटर फ्युएल होस, चार क्लॅम्प, एक प्लग, एक कॉइल, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर, पॉइंटवाली असेल तर पॉइंट-कंडेन्सर, टेस्ट लॅम्प, इन्सुलेशन टेप आणि सुकं फडकं.